झापण्याचा तास

भाषा माणसाला मुक्त करते, अशी त्या काळी माझी श्रद्धा होती, आणि ती मी साखर कारखान्याच्या वेल्फेअर हॉलमधल्या फळ्यावर वरच्या कडेला लिहूनही ठेवली होती. ती ओळ कुणी पुसायची नाही अशी ताकीद होती. मुक्त होण्याची वेळ सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात. सातला तो हॉल कारखान्याच्या भजनी मंडळाला लागायचा, त्यामुळे कुणाला मुक्त व्हायचं असेल तर त्यानं पखवाज यायच्या आत व्हावं लागे.

त्या सोमवारी मी त्या ओळीखाली ‘बॉल आउट’ असं वीतभर अक्षरांत लिहिलं.

“सर, क्रिकेटमधलं का?” वेल्डर बिराजदारनं विचारलं.

“क्रिकेटचा संबंध नाही. बॉल आउट म्हणजे एखाद्यावर रागानं मोठ्यांदा ओरडणं. चारचौघांसमोर त्याला धारेवर धरणं.”

वर्गात एकदम जीव आला. सहा आठवडे मी या लोकांना ‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ असली क्रियापदं देत होतो आणि ते ती तीर्थ घेतल्यासारखी घेत होते, म्हणजे हात पुढे करून आणि चव न बघता. हे क्रियापद मात्र त्यांच्या ओळखीचं निघालं.

“म्हणजे झापणं,” टेलिफोन ऑपरेटर कुसुम हणबर म्हणाल्या.

“बाई, झापणं निराळं. झापणं हळू पण होतंय,” बिराजदार म्हणाला. “हे मोठ्यानं हाय म्हणतायत सर. ही खरडपट्टी.”

“खरडपट्टी दार लावून काढतात. हे सगळ्यांसमोर आहे. म्हणजे बिनपाण्यानं,” कुसुमबाई म्हणाल्या.

“मग फैलावर घेणं?”

“फैलावर घ्यायला माणूस निदान खातेप्रमुख लागतो. आपल्याला कोण फैलावर घेतंय?”

मी फळ्यावर सात मराठी शब्द लिहिले. इंग्रजीत त्याला एकच, आणि तोही दोन तुकड्यांत. या खात्यात आपली भाषा पुढारलेली आहे हे मी मान्य केलं आणि सांगितलं, की ज्याच्यावर ओरडायचं त्याचं नाव या दोन तुकड्यांच्या मध्ये घालायचं.

“दोन्हीकडनं दाबून,” बिराजदार म्हणाला आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

हा वर्ग निघाला होता ब्राझीलमुळे. फेब्रुवारीत तिथून चार पाहुणे कारखान्याची डिस्टिलरी बघायला येणार होते, आणि पाहुण्यांच्या वाटेत जो जो येईल त्याला इंग्रजी आलंच पाहिजे, असं कार्यकारी संचालक रणनवरे साहेबांनी ठरवलं होतं. वाटेत कोण कोण येईल याची यादी कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसनं केली. बारा माणसं भरली. शिकवायला मला बोलावलं, कारण तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होतो, आणि तासिका तत्त्वावरचा माणूस बोलावलं की कुठंही जातो. पहिल्या भेटीत साहेब मला म्हणाले होते, “जूनमध्ये आमच्या संस्थेचं ज्युनिअर कॉलेज निघतंय, मास्तर. इंग्रजीला कायमचा माणूस लागणार. बघू.” मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. त्या ‘बघू’वर मी घरी साखरभात करायला लावला होता.

यादीतलं पहिलं नाव इलाही मुजावर यांचं. वय एक्कावन्न. कारखान्याच्या गेस्ट हाउसवर स्वयंपाक, चहा, अंथरूण-पांघरूण ते बघायचे. कारखान्यात कामगार दोन प्रकारचे असतात, कायम आणि हंगामी. हंगामी माणूस गाळप सुरू झालं की येतो आणि गाळप संपलं की घरी बसतो. मुजावर एकोणीस वर्षं दिवाळीच्या सुमाराला येत होते आणि एप्रिलमध्ये घरी जात होते. साहेबांनी गेस्ट हाउसच्या पायरीवर उभं राहून त्यांना शब्द दिला होता: या पाहुण्यांची बडदास्त नीट ठेवलीस तर या साली तुला कायम करतो. त्या एका वाक्यासाठी मुजावर संध्याकाळचा स्वयंपाक उरकून, धुतलेली पांढरी टोपी घालून, सहाला पाच कमी असताना पहिल्या बाकावर बसलेले असायचे.

वर्गात सगळ्यांत हुशार तेच होते. माझा एक नियम होता. क्रियापद शिकवलं की गृहपाठाला त्याचं एक वाक्य करायचं आणि ते खरं असलं पाहिजे. कधी घडलं, कुठं घडलं, सगळं घालून. बनावट वाक्य चालणार नाही. बाकीचे अडखळायचे, कारण बिराजदारच्या मते त्याच्या आयुष्यात वाक्यात घालण्यासारखं काही घडतच नव्हतं. मुजावरांचं तसं नव्हतं. ‘पुट ऑफ’वर त्यांनी लिहिलं होतं, ‘आय पुट ऑफ माय टूथ पुलिंग टिल एप्रिल’. दाढ ठणकत होती, पण हंगामात रजा नव्हती. ते वाक्य मी कॉलेजातसुद्धा वाचून दाखवलं होतं.

माझा दुसरा नियम असा, की प्रत्येक क्रियापद करून दाखवायचं. ‘गिव्ह अप’च्या दिवशी बिराजदारनं सगळ्यांदेखत विडी सोडली होती. ती त्यानं सातला परत धरली, पण क्रियापद समजलं होतं.

“तर आता मी एकाला बॉल आउट करून दाखवतो,” मी म्हटलं. “कोण येतं पुढे?”

मुजावरच उठले. “मी येतो सर. मला अनुभव हाय.”

वर्ग हसला. मुजावरांनी पुढे येऊन टोपी काढली, बगलेत धरली आणि माझ्या बुटांकडे बघत उभे राहिले.

“वर बघा, मुजावर.”

“न्हाई सर. असंच असतंय.”

“साहेब सुरू झाले की बुटांकडेच बघायचं,” कुसुमबाईंनी खुलासा केला. “तोंडाकडे बघितलं तर उद्धट, दुसरीकडे बघितलं तर लक्ष नाही. आणि शेवटाला ‘चुकलं साहेब’ म्हणायचं. त्याशिवाय थांबत नाही ते.”

“काही चुकलं नसलं तरी?”

“सर, चुकलं का नाही ते मागाहून बघतात. आधी म्हणायचं.”

“आणि मागाहून बघतात का?”

कुसुमबाईंनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं.

मी घसा साफ केला. “व्हॉट इज धिस! द टी इज कोल्ड!” मी ओरडलो.

वर्ग गप्प बसला, पण चुकीच्या कारणानं.

“सर, हे तर चौकशी केल्यासारखं झालं,” बिराजदार म्हणाला.

“माझी धाकटी असं ओरडते. बालवाडीत आहे,” कुसुमबाई म्हणाल्या.

“जरा साहेबांसारखं करा की,” मुजावर बुटांकडे बघतच म्हणाले. “नायतर समजायचं कसं?”

इथं सांगायला हवं, की साहेबांसारखं मला येत होतं. साहेबांना मी तीनदाच भेटलो होतो, पण त्यांचा आवाज भेटीवर अवलंबून नसायचा. प्रशासकीय इमारतीत ते सुरू झाले की पार ऊस मोजायच्या वजनकाट्यावरच्या माणसाला सुद्धा ऐकू जायचं. आणि मला उपजत असा एवढा एकच गुण होता. कॉलेजात प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढत असे.

मी खिशातनं चष्म्याचं घर काढलं. साहेब ओरडण्याआधी चष्म्याचं घर टेबलावर तीनदा आपटतात. माझे ते तीन टकटक ऐकून वर्ग सावरून बसला.

“या, या, मुजावर,” मी साहेबांच्या त्या सुरुवातीच्या मऊ आवाजात म्हटलं. “घरी सगळं बरं आहे ना? पोरंबाळं?”

“अगं आई गं,” कुसुमबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मुजावरांचे खांदे हसण्यानं हलायला लागले.

“बरं असणारच! अरे, चहा थंड दिला तरी तुझं बरंच! मग मी इथं काय भजी तळायला बसलोय?”

बिराजदारनं बाकावर थाप मारली. मला चेव आला. इंग्रजी केव्हा सुटलं ते कळलं नाही. “कळतंय का? वळतंय का? जेवायला बोलावलं की मान कशी लगेच वळते! एकोणीस वर्षं कारखान्याचं खातोयस आणि अजून कपाला कान कुठल्या बाजूला असतो ते तुला कळत नाही! आणि म्हणे कायम व्हायचंय! तू? कशाच्या जोरावर? तुझ्यासारखे छप्पन्न हंगामी दर साली गेटवर रांगेत उभे असतात! तुझ्या बापजन्मात कायम होत नाहीस तू!”

मुजावरांचे खांदे हलायचे थांबले, हे मला दिसलं. मी थांबलो नाही. आवाज छान लागला होता. माझ्या आयुष्यात मी कुणावर असा ओरडलो नव्हतो, ओरडायला कुणी नव्हतंच, आणि ते इतकं सुखाचं असतं याची मला कल्पना नव्हती.

मग हसण्याचा आवाज सगळाच बंद झाला. बाकीची अकरा माणसं उभी राहिली होती आणि खाली बघत होती. बुटांकडेच बघत होती, पण माझ्या नव्हे.

दारात रणनवरे साहेब उभे होते.

“काय चाललंय?” साहेब म्हणाले. हळू.

ते एक पाऊल आत आले.

“मास्तर, काय चाललंय? आवाज बॉयलरपर्यंत येतोय.”

मी चष्म्याचं घर खिशात टाकलं. “सर, ते जरा शिस्तीचं होतं.”

“कुणाच्या?”

मला फक्त फळ्याकडे बोट दाखवायचं होतं. क्रियापद तिथं होतं, मराठी शब्द होते, अर्थ होता. पण मग साहेबांनी विचारलं असतं की झापताना आवाज कुणाचा काढत होता. हा पुढचा प्रश्न मला आधी ऐकू आला आणि त्याच्या मागोमाग जून महिना दिसला.

“मुजावरांच्या,” मी म्हटलं.

“काय केलं यानं?”

“सर, हे तुमची नक्कल करत होते. वर्गासमोर. म्हणून मला जरा आवाज चढवावा लागला.”

हे वाक्य मी एका दमात, न अडखळता म्हटलं. बाकी बनावट वाक्यं अशी सलग येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

साहेबांच्या मागं भजनी मंडळाचा पखवाजवाला वेळेआधीच येऊन ठेपला, त्यानं परिस्थिती बघितली आणि पखवाज पोटाशी धरून तो मागच्या मागं गेला. बाकी काही हललं नाही. कुसुमबाई फरशीकडे बघत होत्या. बिराजदार फरशीकडे बघत होता. एवढ्या माणसांतून एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी मी खोटा पडलो असतो, आणि मला त्या क्षणी भीती तीच होती. लाज वगैरे नंतरची.

साहेबांनी आता ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. ते मुजावरांकडे बघत म्हणाले, “असं का.”

मुजावर वळले होते. त्यांची नजर साहेबांच्या बुटांवर होती.

“चुकलं साहेब,” ते म्हणाले.

साहेब निघून गेले. मुजावरांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, आपल्या जागेवर जाऊन बसले, वही उघडली आणि ‘बॉल आउट’ उतरवून घेतलं. घड्याळात सहा पस्तीस झाले होते. राहिलेली पंचवीस मिनिटं मी ‘कॉल ऑन’ शिकवलं. म्हणजे एखाद्याच्या घरी भेटायला जाणं. ते करून दाखवायला कुणाला बोलावलं नाही.

सातला बाकीचे गेले. कुसुमबाई मुद्दाम मागं राहिल्या.

“सर, सकाळी साहेबांना खरं काय ते सांगून टाका. सकाळचे ते बरे असतात. पूजा झालेली असते.”

“सांगतो.”

“नक्की?”

“नक्की. म्हणजे काय!”

मुजावर फळा पुसत होते. रोज तेच पुसायचे. वरची ओळ सोडून त्यांनी सगळं पुसलं, डस्टर खिडकीवर झटकलं, आणि मी काही बोलण्याच्या आत म्हणाले, “सर, एक सांगू? साहेब ‘भजी’ म्हणत न्हाईत. ‘वडे तळायला बसलोय का’ म्हणतात.”

“असं का,” मी म्हटलं, आणि हे साहेबांचंच वाक्य आहे हे मला म्हटल्यावर कळलं.

“बाकी बरोबर हुतं,” मुजावर म्हणाले आणि सायकल काढून गेले.

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर होतो. काय बोलायचं ते मी घरून बसवून आणलं होतं. ‘साहेब, कालच्या प्रकारात मुजावरांचा काडीचाही दोष नाही, नक्कल मी करत होतो.’ बस्स, एवढंच. यात कठीण शब्द एकही नव्हता. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं. उदबत्तीचा वास येत होता आणि साहेबांच्या कपाळावर गंध ताजं होतं. कुसुमबाईंची माहिती अचूक होती.

“बोला, मास्तर.”

“सर, काल वर्गात...”

“हं?”

चष्म्याचं घर टेबलावर होतं. साहेबांचा हात त्याच्यावर होता.

“काल वर्गात खडू संपले.”

साहेबांनी घंटी दाबली. “मास्तरांना स्टोअरमधून दोन बॉक्स खडू द्या.” मग माझ्याकडे बघून ते प्रथमच हसले. “आवाज चांगला आहे तुमचा. वाटत नाही बघून. कॉलेजला असा माणूस लागतो.”

मी खडूचे दोन बॉक्स काखेत घेऊन बाहेर पडलो. टेलिफोनच्या खोलीवरूनच वाट होती.

“मुजावरांना आज सकाळपासून बगॅसवर टाकलंय,” कुसुमबाई कानावरचं यंत्र बाजूला करून म्हणाल्या. बगॅस म्हणजे ऊस पिळून राहिलेला भुसा. तो दिवसभर बॉयलरच्या पट्ट्यावर ढकलायचा, नाकाला फडकं बांधून. “गेस्ट हाउसच्या किल्ल्या काढून घेतल्या. पाहुण्यांचं आता दुसरा माणूस बघणार म्हणे. भेटलात का साहेबांना?”

“भेटलो.”

“सांगितलंत?”

“विषय काढला होता,” मी म्हटलं.

हे वाक्य तसं खरं होतं. कधी, कुठं, सगळं घालता आलं असतं.

“मग?”

“बघू म्हणाले.”

हे मात्र ते म्हणाले नव्हते.

बुधवारी संक्रांत होती. वर्गाला अकरा जण आले. प्रत्येकानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्या दिवशी जे म्हणायचं असतं ते म्हटलं. मीही त्यांना तेच म्हटलं. कुसुमबाईंनी तिळगुळाबरोबर एक वही दिली.

“मुजावरांची. आता या वेळी त्यांची बगॅसवर कामाची पाळी असते, यायला जमणार नाही म्हणाले. पण गृहपाठ केलाय, तेवढा तपासून द्या म्हणाले.”

वही मी घरी नेऊन उघडली. पानं काळजीनं आखलेली होती. ‘बॉल आउट’खाली तीन वाक्यं होती. ‘मंडे सिक्स ट्वेंटी फाइव्ह ईव्हिनिंग, वेल्फेअर हॉल. बोंद्रे सर बॉल्ड मी आउट. आय डिड नॉट डू एनी मिस्टेक.’ आणि खाली थोडी जागा सोडून आणखी एक: ‘सर नोज.’

नाव दोन तुकड्यांच्या मध्ये बरोबर घातलं होतं. फक्त इंग्रजीत मिस्टेक ‘डू’ करत नाहीत, ‘मेक’ करतात. मी लाल पेनानं ‘डू’ खोडलं, त्याच्यावर ‘मेक’ लिहिलं, समासात ‘गुड’ लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी वही कुसुमबाईंच्या टेबलावर ठेवून आलो. त्या जेवायला गेल्या होत्या. ती वेळ मी बघून ठेवली होती.

मुजावर वर्गाला पुन्हा आले नाहीत.

फेब्रुवारीत पाहुणे आले. चौघंही पोर्तुगीज बोलत होते. पुण्याहून एक दुभाषी बरोबर आणला होता, तो मूळचा कराडचा निघाला, त्यामुळे पाहुण्यांच्या वाटेत जे जे आले त्यांच्याशी तो मराठीतच बोलला. बिराजदारनं ‘वेलकम’ म्हटलं तेवढा वर्गाचा उपयोग. गेस्ट हाउसवर कुणी नवा माणूस होता. त्यानं चहा दिला आणि पाहुण्यांनी तो घेतला. जूनमध्ये मला कॉलेजवर घेतलं.

आज मी तिथला प्राचार्य आहे. मधे सतरा वर्षं गेली, रणनवरे साहेब गेले, कारखाना दोनदा बंद पडून दोनदा सुरू झाला. माझ्या घरापासून कॉलेजला जायला बगॅस यार्डाकडून जवळचा रस्ता आहे. मी पहिल्या दिवसापासून पेट्रोल पंपाकडून जातो. बायकोला सांगितलं आहे की तिकडे धूळ असते. मुजावर कायम न होताच घरी बसल्याचं मला कुणाकडून तरी कळलं होतं. मी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शिपाई आत येऊन म्हणाला, “सर, एक म्हातारा आलाय. सत्यप्रतीवर सही पाहिजे म्हणतोय. चाचा हाय कुणीतरी.”

मुजावर आत आले. वाळले होते, पण टोपी तशीच पांढरी. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी उभा राहिलो. ते बसेनात, म्हणून मीही बराच वेळ उभाच राहिलो.

“पेन्शनच्या कचेरीत नोकरीचे जुने कागद मागितलेत, सर. झेरॉक्सवर साहेबाची सही लागतीय.”

“आता स्वतःची सही स्वतःच केलेली चालते, मुजावर. सरकारनं नियम केलाय.”

“व्हय, पण माझ्या सहीवर त्यांचा विश्वास न्हाई,” ते म्हणाले. “माझा पण न्हाई.”

मी शिपायाला चहाला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि बोलायला लागलो. सतरा वर्षं मी ते भाषण तयार करत होतो, त्यामुळे ते चांगलं झालं. सोमवारचं सगळं सांगितलं. माझी भीती सांगितली, जून महिना सांगितला. ‘पश्चात्ताप’ हा शब्द दोनदा आला. ते सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

“झालं सर?”

“हो.”

“पण तुम्ही दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं हुतं की. कुसुमबाई म्हणाल्या. विषय काढला हुता म्हणून.”

“नाही सांगितलं.”

“मग आत जाऊन काय बोललात?”

“खडू मागितले.”

मुजावरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मिळाले?”

“दोन बॉक्स.”

“हं,” मुजावर म्हणाले. खिडकीतून मैदानावरचा पीटीचा तास दिसत होता, तो त्यांनी जरा वेळ पाहिला. “मला आपलं वाटायचं, सर बोलले, पण साहेबांनी ऐकलं न्हाई. घरात पण मी तसंच सांगितलं. गल्लीत पोरं म्हणायची, चाचा, एकदा साहेबांचा आवाज काढून दाखवा की. आता नातवंडं म्हणतात. मला येतच न्हाई, सर, नक्कल. कधी कुणाची केली न्हाई. तेवढं एक लागलं बघा.”

“माझ्यामुळं तुमचं गेस्ट हाउस गेलं,” मी म्हटलं. “माझ्यामुळं तुम्ही बगॅसवर गेलात. कायम झाला असता तुम्ही त्या साली. मी तुमचं आयुष्य—”

“आयुष्य?” मुजावर म्हणाले. ते पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्यासमोर सारली. “गेस्ट हाउसवर साहेबांच्या मेव्हण्याचा माणूस लावायचा हुता. सही करायचीच हाय तुम्हाला, तर तिसरा कागद वाचूनच करा की.”

मी तिसरा कागद वर घेतला. कारखान्याचा बदलीचा आदेश होता. श्री. इ. बा. मुजावर, हंगामी, गेस्ट हाउस, यांना मंगळवारपासून बगॅस विभागात वर्ग करण्यात येत आहे. खाली रणनवरे साहेबांची सही होती, जावक क्रमांक होता आणि तारीख होती. नऊ जानेवारी.

तास झाला होता बारा तारखेला.